गंधाएवढं तेल

न्यू जर्सीला धाकट्या भावाच्या घरी पोचलो, त्याच्या तिसऱ्या रात्री मला जात्याच्या घरघरीनं जाग आली. घड्याळात पहाटेचे तीन वाजले होते. पोट मात्र अजून गुहागरच्या वेळेनं चालत होतं, म्हणजे त्याचा दुपारचा दीड झाला होता आणि ते आमटीभाताची वाट पाहत होतं. बाहेर डिसेंबरचा बर्फ पडत होता. बर्फाला आवाज नसतो हे मला तिथे जाऊन कळलं. आमच्याकडे आभाळातून काहीही पडायचं झालं तरी ते कौलांवर वाजतगाजतच पडतं. त्या मुक्या रात्रीत, गरम हवा सोडणाऱ्या जमिनीतल्या जाळीतून ती घरघर वर येत होती. थोडी चाले, थांबे, मग पुन्हा एक लांब वळसा घेई. साठ वर्षांपूर्वी अशाच अंधारात आई नाचणी दळत बसायची आणि आम्ही दोघं भाऊ एका गोधडीखाली तो आवाज पांघरून झोपायचो. जात्याच्या आवाजाची गंमत अशी की तो चालू असेतो ऐकू येत नाही, थांबला की जाग येते. इथे उलटं झालं होतं. अमेरिकेत या वेळी कोण दळण घेऊन बसलंय, म्हणून मी स्वेटरवर स्वेटर चढवला आणि तळघराचा जिना उतरलो.

खाली दिवा नव्हता. माणसाएवढ्या एका लाकडी कपाटाच्या काचेतून हिरवा-गुलाबी उजेड सांडत होता आणि त्या उजेडात माझा भाऊ, वय वर्षं त्रेसष्ट, कानटोपी घालून एका गोमेशी लढत होता. कपाटाच्या पोटाशी एक फळी, फळीच्या मधोमध भोक, भोकातून डोकं काढून बसलेला एक लाल चेंडू, आणि त्या चेंडूवर भावाचा तळवा गोल गोल फिरत होता, बाळाच्या टाळूवर तेल जिरवावं तसा. घरघर त्या चेंडूची होती. "आवाज बंद ठेवलाय," तो मान न वळवता कुजबुजला, "ही उठेल म्हणून." चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेला, दोन मुलींची लग्नं करून मोकळा झालेला माणूस बायको उठेल म्हणून चोरून खेळत होता, हे पाहून मला उगाचच बरं वाटलं. परदेशात माणसं फार बदलतात म्हणतात. तितकंही काही नाही.

त्या कपाटाचं नाव 'सेंटिपीड', म्हणजे आपली गोम. अटारी कंपनीनं १९८१ साली काढलेला हा खेळ अमेरिकेतल्या पिझ्झाच्या दुकानांतून, मॉलच्या कोपऱ्यांतून उभा असे. पाव डॉलरचं नाणं सरकवायचं आणि मरेपर्यंत खेळायचं. तो रचला डोना बेली आणि एड लॉग या दोघांनी. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचं जग तेव्हा जवळपास निव्वळ पुरुषांचं होतं. जो तो काळ्या आभाळात अंतराळयानं फोडत बसलेला. त्यात बेलीबाईंनी फिक्या, मिठाईसारख्या रंगांची भूछत्रांची बाग मांडली आणि बायकाही या यंत्रांपाशी थांबू लागल्या.

बाग म्हणायची खरी, पण भावानं मला त्यातली मंडळी एकेक करून दाखवली तेव्हा माझा चेहरा बदलत गेला. वरून भूछत्रांना वळसे घालत उतरणारी गोम. कोपऱ्यातून तिरकी उडी घेणारा कोळी. सरळ खाली टपकणारी आणि जाताजाता नवी भूछत्रं पेरून जाणारी पिसू. आणि आडवा चालत भूछत्रांत विष कालवणारा विंचू. गोम, कोळी, पिसू, विंचू: ही तर आमच्या गावच्या न्हाणीघराची हजेरी! पावसाळ्यात कंदील घेऊन आत गेलं की हीच सारी मंडळी याच क्रमानं भेटायची, आणि तेही नाणं न टाकता. या माणसानं ते न्हाणीघर सोडून सातासमुद्रापलीकडे धाव घेतली, तिथे चांगली नोकरी केली आणि साठी उलटल्यावर हजारभर डॉलर मोजून तेच न्हाणीघर तळघरात आणून ठेवलं. आईला हे कळतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. "एवढंच हवं होतं तर इथे काय कमी होतं रे?"

खेळ साधा आहे. गोळी मारून गोम संपवायची. पण तिला मधोमध गोळी लागली तर ती मरत नाही; जिथे लागली तो तुकडा भूछत्र होऊन जागच्या जागी बसतो आणि गोमेच्या दोन गोमी होतात. मागच्या तुकड्याला आपोआप नवं डोकं फुटतं आणि दोघी आपापल्या वाटेनं चालू लागतात. मला आमच्या घराची वाटणी आठवली. काका आणि बाबा वेगळे झाले तेव्हा असाच मधोमध एक तुकडा जागेवर राहिला होता, ओटीवरचा झोपाळा. तो कुणाच्याच हिश्शात गेला नाही आणि त्यावर कुणी बसलंही नाही. आता तर दोन्ही अर्ध्यांना कुलूप आहे. त्या कुलपाचं काय करायचं हे बोलायलाच खरं तर मी तिकडे गेलो होतो, आणि तो विषय आम्ही दोघं तीन दिवस अगदी सावधपणे वळसे घालून टाळत होतो, भूछत्राला गोम टाळते तसे.

"उजवीकडे नीट जात नाही हा," भाऊ चेंडूकडे बघून म्हणाला. "डावीकडे तुरुतुरु जातो, उजवीकडे अडखळतो. काहीतरी गोम आहे." मराठी भाषेनं किड्याचं आणि लपलेल्या खोडीचं नाव एकच ठेवलं आहे, त्याचा उपयोग असा कधी होईल असं वाटलं नव्हतं. मी चेंडूवर तळवा ठेवला. बिलियर्डसारख्या खेळातला गुळगुळीत, गार, थोडा चिकट चेंडू. उजवीकडे ढकलला आणि तळव्याला खाली कुठेतरी कंप जाणवला, रात्री एसटीत पुढच्या सीटच्या दांड्याला कपाळ टेकलं की जाणवतो तसा. मला गोम कळली. मी बँकेतून निवृत्त झालो असलो तरी बँकेत मला एक गुप्त हुद्दा होता. मी उंदीर धूत असे.

हे नव्या पिढीला समजावून सांगावं लागेल. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा त्यांच्या माऊसच्या पोटात रबर चढवलेली एक जड गोळी असे. टेबलावरची धूळ, शाईच्या पॅडचा तवंग, भिजल्या बोटांनी मोजलेल्या नोटांचा मळ, साहेबांच्या शेंगदाण्यांची सालं, हे सारं ती गोळी चाटून आत नेई आणि आतल्या दोन बारीक दांड्यांवर त्याचं काळं कडं जमे. मग पडद्यावरचा बाण दारूड्यासारखा चाले. दर शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाखा बंद झाली की मी सगळे उंदीर उताणे करायचो, पोटाची चकती फिरवायचो, गोळी काढायचो आणि नखानं ती कडी खरवडायचो. एकदा तपासनीस आले तेव्हा माझ्यासमोर सात उंदीर पोट उघडून पडले होते आणि त्यांच्या गोळ्या मी बशीत धुवायला ठेवल्या होत्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे आपल्याकडे कुठल्या खात्याखाली धरतात?"

तर हा कपाटातला चेंडू म्हणजे तोच उंदीर, पाठीवर झोपवलेला. किंवा खरं सांगायचं तर उलट, कारण चेंडू आधीचा. १९४६ साली राल्फ बेंजामिन नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं ब्रिटिश आरमारासाठी, रडारच्या पडद्यावरची विमानं टिपायला, असा फिरता चेंडू पहिल्यांदा बनवला आणि आरमारानं तो गुपित म्हणून ठेवून दिला. १९५२ च्या सुमाराला कॅनडाच्या आरमारासाठी काम करणाऱ्या इंजिनिअरांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती काढली आणि चेंडू कुठून आणायचा म्हणून सरळ कॅनडातल्या पाच सोंगट्यांच्या बॉलिंगचा चेंडू उचलला, सोललेल्या नारळाएवढा. मला ही गोष्ट फार आवडते. शत्रूच्या विमानांचा माग काढायचं यंत्र, सारं अगदी गुप्त, आणि त्याच्या मध्यभागी शनिवारी संध्याकाळी पोरंबाळं घेऊन खेळायला जातात त्यातला चेंडू. पुढे १९६८ मध्ये जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीनं तो चेंडू पालथा घातला, टेबलावर सरकवला आणि त्याचा माऊस झाला. आणि अटारीनं १९७८ साली आपल्या फुटबॉलच्या खेळात तो परत उताणा केला. त्या फुटबॉलचे चेंडू एवढे मोठे आणि खेळणारे एवढे जिवावर उदार, की तळव्यांना फोड यायचे. १९८० च्या 'मिसाइल कमांड'मध्ये शहरं वाचवायला हाच चेंडू होता. आरमारातून निघालेला गोळा शेवटी पुन्हा युद्धावरच आला, फक्त आता युद्धाला पाव डॉलर पडत होता.

भावाच्या चेंडूला आणखी एक गोष्ट होती. तो मूळचा नव्हताच. 'सेंटिपीड'चा चेंडू सव्वादोन इंच व्यासाचा, आणि अमेरिकेत पूल नावाचा जो काठीनं खेळायचा खेळ आहे त्यातले चेंडूही नेमके तेवढेच. आधीच्या कुणा मालकानं मूळ चेंडू हरवला की फोडला, आणि पूलच्या टेबलावरचा लाल, तीन नंबरचा चेंडू आणून इथे बसवला. त्यामुळे खेळताना मधूनच पांढऱ्या वर्तुळातला तीनचा आकडा वर येई, क्षणभर बघे आणि पुन्हा बुडी मारी, विहिरीतल्या कासवासारखा. कुठल्यातरी पूलच्या टेबलावर आजही दोननंतर एकदम चार येत असतील.

शनिवारी सकाळी आम्ही कपाट उघडायला बसलो. वीज काढली, फळी वर उचलली, तारांचा गुच्छ सोडवला, चार स्क्रू काढले आणि चेंडूची पेटी जेवणाच्या टेबलावर आली. भावजयीनं आधी त्यावर वर्तमानपत्र अंथरलं, मग त्याखाली आणखी एक अंथरलं. "भाऊजी, तुम्ही दोघं एवढे लक्ष देऊन पूर्वी कधी काही करताना मी पाहिलं नाही," ती म्हणाली. तिला काय सांगणार, आम्ही वाटणीचे कागद टाळत होतो.

वरचं झाकण निघालं आणि चेंडू बाहेर आला. आत बघितलं आणि दोघंही गप्प झालो. चेंडू तीन दांड्यांवर टेकलेला असतो: एकमेकींशी काटकोनात दोन मोठ्या, एक आडवी हालचाल मोजणारी आणि एक उभी, आणि तिसरी बिचारी नुसता टेकू द्यायला, तिला काही मोजायचं नसतं. तिपाईचं गणित आहे. तीन पायांची वस्तू डगमगत नाही. त्या दांड्यांवर, चेंडू जिथे घासतो बरोबर तिथे, काळपट कडी होती. खालच्या खळग्यात केस, धाग्यांचे पुंजके, वाळलेल्या कोकाकोलाची खपली, कसलातरी चुरा. यात नवल काही नाही. तळवा म्हणजे घाम, त्वचेचा भुगा, पिझ्झाचं तूप. चेंडू ते सगळं गुमान आत नेतो आणि दांडीच्या स्वाधीन करतो. मग कडं फुगतं, दांडी एका जागी जाड होते, चेंडूला प्रत्येक फेऱ्यात ठेच लागते. मी अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्या कड्यावर धरला आणि भावानं दांडी बोटानं फिरवली. कडं आधी मऊ झालं, मग त्याची एक लांब काळी सुरळी निघाली, काजळासारखी. किती जणांचे तळवे असतील त्या सुरळीत? शाळा चुकवून आलेली पोरं, रात्रपाळीहून घरी जायच्या आधी एक नाणं टाकणारा कुणी माणूस, बाजूला पर्स अडकवून उभी राहिलेली एखादी बाई. यातल्या कुणाचंही नाव पडद्यावर राहिलेलं नाही. राहिलं ते एवढंच, आणि तेही मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला पुसून टाकलं. बोळा टाकताना उगाच जरा थांबलो. मग भावजय बघते आहे असं वाटलं आणि टाकला.

दांडीच्या एका टोकाला खाचा पाडलेली चकती असते. तिच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो टिपणारे दोन डोळे. खाच आली की उजेड, दात आला की अंधार. किती वेळा उजेड झाला त्यावरून यंत्र अंतर मोजतं. आणि डोळे दोन का? तर ते किंचित मागेपुढे बसवलेले असतात, कुणाला आधी उजेड दिसला त्यावरून दिशा कळते. आमच्या घरासमोरून रस्ता जायचा आणि ओटीच्या एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला आत्या बसलेली असायची. आजीनं आधी "कोण गं ते?" म्हटलं की पाहुणा चिपळूणकडून आला, आत्यानं आधी म्हटलं की बंदराकडून. तीच ही व्यवस्था. त्या चकत्यांना आम्ही हात लावला नाही, नुसती फुंकर मारली. आजी-आत्यांच्या बाबतीतही तेच धोरण बरं असायचं.

खरी घरघर मात्र बेअरिंगांची होती. तीन दांड्या, प्रत्येकीच्या दोन टोकांना एकेक, अशी सहा बेअरिंगं, आमच्याकडच्या पाच रुपयांच्या नाण्याहूनही लहान. मी एकेक कानाशी धरून फिरवलं. चांगलं बेअरिंग गप्प असतं. बिघडलेलं आतल्या आत कुरकुरतं आणि बोटाच्या टोकाला बारीक वाळू चावल्यासारखं लागतं. सहापैकी चार कुरकुरत होती. चाळीस वर्षांचं ग्रीस आत वाळून राळ झालं होतं. सुईनं त्यांची पत्र्याची झाकणं उचकटली आणि ती सहाही जणं वाटीत बुडवायला रॉकेल हवं होतं. अमेरिकेत त्याचा एक उग्र वासाचा चुलतभाऊ मिळतो. तो उघडताच भावजयीनं आम्हाला वाटीसकट गॅरेजमध्ये हाकललं. बर्फात, दार अर्धं उघडं ठेवून, दोन म्हातारे उकिडवे बसून वाटी हलवत होते. त्या वासानं मात्र मी कुठे गॅरेजमध्ये राहिलो! बाजारपेठेतलं सायकलचं दुकान समोर उभं राहिलं. जर्मनच्या चेपलेल्या थाळीत रॉकेल, त्यात चाकाचे छर्रे, आणि ते चोळणारी दुकानदाराची काळी बोटं. दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलेलं असायचं: 'ओव्हरऑइल करून मिळेल'. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉल, म्हणजे सगळं उलगडून पुन्हा जुळवणं. पण आमच्या अख्ख्या तालुक्यात त्याचं ओव्हरऑइल झालं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट शब्द ऐकला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. तेल थोडंथोडकं नाही, ओव्हर!

आणि इथेच आम्हा भावांचं वाजलं. भावानं ग्रीसची ट्यूब आणून ठेवली होती. मी म्हटलं तेल. तो म्हणाला, सायकलवाला ग्रीसच भरायचा. मी म्हटलं, सायकलवर तू, मी आणि पुढच्या दांड्यावर तांदळाचं पोतं असायचं, ग्रीस ओझ्यासाठी. या चेंडूचं ओझं ते काय, एका पेरूएवढं! ग्रीस भरलंस तर तो पाहुण्यांच्या पंगतीत बसल्यासारखा अदबीनं फिरेल. फटका मारल्यावर सुटला पाहिजे, तर पातळ तेल. मात्र ते लवकर उडतं, वर्षा-दोन वर्षांनी परत हा खटाटोप करावा लागतो. ज्यांच्या घरी अशी कपाटं आहेत ते लोकही या प्रश्नावर दोन तट करून बसलेत असं भावानं सांगितलं. काही ग्रीसवाले, काही तेलवाले. शैव-वैष्णवांनंतर मला एवढा सरळ वाद दिसलेला नाही. "दर दोन वर्षांनी कोण करणार हे?" भाऊ म्हणाला. मी काही बोललो नाही. त्यानंही मग ट्यूब बाजूला ठेवली.

शिवणयंत्राचं तेल भावजयीच्या कपाटात निघालं, चोचीच्या बाटलीतलं. आईच्या यंत्राचंही असंच असायचं. ती आम्हाला तेल घालू द्यायची नाही, कारण मुलांना थेंब म्हणजे धार वाटते. स्वतः ती बाटलीची चोच छिद्राला टेकवायची, श्वास रोखायची आणि गंधाएवढं तेल सोडायची. मग एक चिंधी सुईखाली धरून नुसतंच यंत्र चालवायची, जादा तेल चिंधीला लागेतो, म्हणजे पुढच्या कापडाला डाग नको. आम्ही विचारायचो, घातलं कशाला आणि पुसलं कशाला? यावर तिचं उत्तर म्हणजे नुसती भुवई. बेअरिंगं वाळल्यावर मी चोच टेकवली. माझा हात आता कापतो. भावानं माझं मनगट खालून धरलं, आणि एकेक थेंब, तोही पुरता नाही, असा सहा वेळा पडला. पाचव्यात जरा जास्त पडलं. भावानं खिशातला रुमाल काढून टिपून घेतलं आणि रुमाल घडी करून परत खिशात ठेवला.

चेंडू तेवढ्यात साबणाच्या पाण्यातून निघाला होता. भावजयीनं तो पुसून स्टीलच्या वाटीत ठेवला होता आणि तो इतका लाल, इतका गोल, इतका शांत दिसत होता की मी नकळत हात जोडले. शनिवारच होता. शेंदूर चढवलेल्या मारुतीसारखा तो वाटीत बसलेला. बाजूला तेलाची बाटलीही तयार. पण नेमकी हीच देवाला चालणारी आणि याला न चालणारी गोष्ट. चेंडूला किंवा दांडीला तेलाचा हात जरी लागला तरी चेंडू घसरतो, दांडी पकडत नाही, आणि गोम वर नाचत असताना आपला नेमबाज खाली खिळून राहतो. तेल फक्त बेअरिंगच्या आत, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे. वर सगळं कोरडं, खडखडीत. आम्ही अल्कोहोलनं हात पुसले, चेंडू दोन बोटांत धरून सोवळ्यात उचलला आणि जागेवर बसवला.

भावानं हलकी टिचकी मारली. चेंडू फिरू लागला. तीनचा आकडा आला, गेला, आला, गेला, आणि घरघर मात्र नाही. मी मोजत होतो. बावीसपर्यंत मोजलं तरी तो फिरतच होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो जणू तो आम्हीच बनवला होता.

मग तो खेळायला उभा राहिला, आणि मेला. दुसऱ्यांदा उभा राहिला, आणि आणखी लवकर मेला. त्याचा हात त्या जड, अडखळत्या चेंडूला सरावलेला. जिथे त्याला बोटभर सरकायचं असे तिथे आता चेंडू त्याला थेट कोळ्याच्या तोंडात नेऊन सोडायचा. एकसष्ट हजारांचा विक्रम असलेल्या माणसाला नऊ हजारांच्या वर जाता येईना. खेळ संपला की पडद्यावर सर्वांत वरचे आकडे येतात आणि त्यांच्यापुढे खेळणाऱ्यानं चेंडू फिरवून निवडलेली इंग्रजी तीन अक्षरं. एकसष्ट हजारांपुढे होतं 'ए ए आय'. मी विचारलं, हे भारतीय विमानतळ प्राधिकरण इथे कुठून आलं? भाऊ जरा लाजला. "तीनच अक्षरं मावतात," तो म्हणाला. "आपल्या आईची तेवढीच होतात."

त्या रात्री मला तीनला पुन्हा जाग आली. जाळीतून गरम हवा येत होती, पण आवाज काही नव्हता. मी कान देऊन पडून राहिलो. आदल्या रात्रीपर्यंत त्या घरघरीवरून कळायचं की खाली भाऊ जागा आहे, कंटाळून थांबला आहे, आता पुन्हा सुरू झाला आहे. आता काहीच कळत नव्हतं. तो झोपला आहे, की खाली उभा आहे, की हरून नुसता स्टुलावर बसला आहे? स्वतःच्या हातांनी तेल घालून मी तो आवाज बंद केला होता. अर्धा तास ती शांतता ऐकली आणि मग उठलो. स्वेटरवर स्वेटर.

तो होताच. कानटोपी, हिरवा-गुलाबी उजेड, आणि हाताखाली चेंडू मुकाट्यानं फिरत होता, मुळी नसल्यासारखा. जिना करकरला तशी त्यानं मान न वळवता डाव्या हातानं दुसरं स्टूल पुढे ओढलं.

"दोघांचं नाणं टाकलंय," तो म्हणाला. "मी मेलो की तुझी पाळी."

"मोठा मी आहे," मी म्हटलं.

तो बाजूला सरकला.